प्रतिज्ञेवर सही घेणारी मुक्तिफौज

नगर जिल्ह्यातल्या एका गावात दारूचे दुकान बंद व्हावे म्हणून महिलांनी निवेदन द्यायचे ठरवले. गावातल्या २५ टक्के महिला मतदारांनी सह्या करून मागणी केली की सरकारी खाते त्या सह्यांची पडताळणी करते आणि मग ‘उभी बाटली की आडवी बाटली’ असे गुप्त मतदान होते. हे निवेदन लिहून देण्याचे काम आमच्याकडे आले. पुढाकार आमच्या बौद्धवस्तीतल्या महिलांचा होता. त्याचा आम्हांला अभिमान वाटत होता.

पडताळणीच्या दिवशी हा अभिमान उतरला. अधिकारी एकेकीला बोलावून विचारत होते, “ही सही तुमचीच का?” आमच्या वस्तीतल्या नऊ जणींनी मान खाली घालून सांगितले, “आमची नाही.” कोणाच्या नवऱ्याने दम दिला होता, कोणाच्या दिराने. ज्या कार्यकर्त्याच्या हातून आम्ही १४ एप्रिलला पुतळ्याला हार घालून घेतो, तोच आदल्या रात्री घरोघर फिरून गेला होता. निवेदन २५ टक्क्यांच्या खाली आले आणि निकाली निघाले.

याच निवेदनावर गावातल्या ख्रिस्ती घरांतल्या महिलांच्याही सह्या होत्या. त्यांतली एकही मागे हटली नाही. त्यांच्या घरांतही नवरे आहेत, दीर आहेत, गावातल्या पुढाऱ्याचे मिंधेपण आहे. मग फरक कुठे पडला? त्यांच्यातल्या एका वयस्कर मावशींना आम्ही हे विचारले. त्या म्हणाल्या, “वकीलसाहेब, ह्या कागदावर सही करायच्या आधी आमची एक सही झालेली हाये. ती मोडल्याबिगर ही मोडता येत न्हाई.”

ती आधीची सही म्हणजे मुक्तिफौजेच्या सोल्जरची प्रतिज्ञा. आजचा लेख या सहीविषयी आहे. ख्रिस्ती मिशनऱ्यांविषयी आपल्याकडे एकतर आंधळे कौतुक असते किंवा संघवाल्यांकडून उसना घेतलेला संशय असतो. आम्हांला दोन्ही नको. शेजारच्या आळीतले लोक काय मानतात आणि कसे जगतात, हे नीट पाहावे, पटेल ते घ्यावे, पटणार नाही ते कारणासह सांगावे, हीच बाबासाहेबांची शिकवण आहे.

फौज कशी उभी राहिली?

विल्यम बूथ हा मेथडिस्ट पंथाचा उपदेशक. १८६५ साली त्याने पत्नी कॅथरीनसह लंडनच्या पूर्व भागातल्या गोरगरीब वस्तीत काम सुरू केले. तिथला मजूर, दारुडा, वेश्या, भुरटा चोर यांना प्रतिष्ठितांच्या चर्चमध्ये कोणी शेजारी बसू देत नव्हते. गावकुसाबाहेर राहिलेल्या समाजाला हे वेगळे समजावून सांगायला नको. १८७८ साली या कामाला ‘साल्व्हेशन आर्मी’ हे नाव मिळाले. मराठी मुलखात तीच मुक्तिफौज झाली.

फौज म्हटल्यावर सगळी रचना लष्करी. पाळकाला कॅप्टन किंवा मेजर म्हणायचे, सर्वांत वरच्याला जनरल. साध्या सभासदाला म्हणायचे सोल्जर. लाल, निळ्या आणि पिवळ्या रंगांचा झेंडा, बँड, गणवेश आणि गणवेशावर ‘एस’ हे अक्षर. दर आठवड्याला सोल्जर जी वर्गणी पाकिटात घालून देतो, तिला ‘काडतूस’ म्हणायचे. आपल्या समता सैनिक दलाची शिस्त ज्यांनी पाहिली आहे, त्यांना यात नवल वाटणार नाही. ज्याला जगाने कधी सरळ उभे राहू दिले नाही, त्याच्या अंगावर गणवेश आला की त्याची मान आपोआप ताठ होते.

हिंदुस्थानात ही फौज आली १९ सप्टेंबर १८८२ रोजी, मुंबई बंदरात. आलेली माणसे फक्त चार, त्यांत एक स्त्री. त्यांचा म्होरक्या फ्रेडरिक टकर हा पंजाबातला सनदी अधिकारी होता. ती नोकरी सोडून तो फौजेत शिरला होता. त्याने भगवी वस्त्रे घातली, पायांतले बूट काढले, फकीर सिंग असे नाव घेतले आणि माधुकरी मागून राहू लागला. मुंबईच्या रस्त्यांवरून मिरवणुका काढल्या म्हणून पोलिसांनी या मंडळींना धरले. १८८३ साली टकरने महिनाभराचा तुरुंगवासही भोगला. गोऱ्या साहेबाने नेटिवासारखे राहावे, हे गोऱ्या सरकारला मानवले नाही. पुढे मराठी मुलखात, विशेषतः नगरच्या खेड्यांत, महार आणि मांग वस्त्यांत ही फौज रुजली. नगर शहरातले इव्हँजलीन बूथ रुग्णालय लोक ‘बूथ हॉस्पिटल’ म्हणूनच ओळखतात. कोरोनाच्या काळात त्याच्या दारात कोणाकोणाला उपचार मिळाले, हे नगरकरांना सांगावे लागत नाही. २०२४ साली जिल्ह्याचे नाव अहिल्यानगर झाले, तरी लोकांच्या तोंडी ‘नगरचं बूथ’च आहे.

ते काय मानतात?

मुक्तिफौजेचे सिद्धान्त अकरा आहेत. बायबल ईश्वराच्या प्रेरणेने लिहिले गेले. ईश्वर एकच, आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा ही त्याची तीन रूपे. येशू एकाच वेळी खरा देव आणि खरा माणूस. आदिम स्त्री-पुरुषाने आज्ञा मोडली म्हणून सगळी मानवजात पापी झाली. येशूने मरण सोसून सर्वांसाठी प्रायश्चित्त केले. पश्चात्ताप आणि विश्वास असल्यावाचून तारण नाही. तारण एकदा मिळाले म्हणून कायमचे राहते असेही नाही, आज्ञापालन चालू राहिले तरच ते टिकते. आत्मा अमर आहे. शेवटी न्याय होईल. सज्जनाला अनंत सुख, दुर्जनाला अनंत शिक्षा.

इतर चर्चहून एका बाबतीत ही फौज फारच वेगळी आहे. तिच्यात बाप्तिस्म्याचे पाणी नाही आणि प्रभुभोजनाची भाकर व द्राक्षरसही नाही. १८८३ सालापासून त्यांनी हे विधी सोडून दिले. दारुड्याला दारू सोडायला सांगायचे आणि प्रार्थनेत त्याच्याच हाती द्राक्षरसाचा पेला द्यायचा, ही अडचण त्यांनी वेळीच ओळखली होती. शिवाय आतला बदल महत्त्वाचा, बाहेरचे चिन्ह नव्हे, असा त्यांचा आग्रह आहे. त्यांच्या प्रार्थनास्थळात पुढे एक साधा लाकडी बाक असतो. ज्याला आपली चूक कबूल करायची आहे त्याने सर्वांदेखत तिथे येऊन गुडघे टेकायचे. मध्ये पुरोहित नाही, दक्षिणा नाही.

आम्ही बौद्ध आहोत. ईश्वर, अमर आत्मा आणि अनंत नरक आम्ही मानत नाही. जन्मतःच माणूस पापी, हे तर आम्ही कदापि मान्य करणार नाही. पूर्वजन्मीच्या कर्मामुळे तू अस्पृश्य जन्मलास, असे आमच्या बापजाद्यांना हजारो वर्षे ऐकवले गेले. एक जन्मजात दोष टाकून दुसरा अंगावर घेण्यासाठी आम्ही धर्मांतर केलेले नाही. पण कर्मकांड सोडून आचरणाला महत्त्व द्यावे, या त्यांच्या भूमिकेशी आमचे भांडण नाही. विहारात हळूहळू नवस आणि गंडेदोरे शिरू लागले आहेत. त्यांनी तर त्या लाकडी बाकाकडे नीट पाहावे.

सही कशावर होते?

मुक्तिफौजेच्या सभेला कोणीही जाऊ शकतो. सही करायची नसेल तर अनुयायी म्हणून नाव नोंदवता येते, कोणी हाकलत नाही. पण सोल्जर व्हायचे असेल तर आधी शिकवणीचे वर्ग करावे लागतात. मग एका सभेत झेंड्याखाली उभे राहून, सर्व मंडळींसमोर एका करारावर सही करावी लागते. पूर्वी या कराराला ‘युद्धाची कलमे’ म्हणत. त्याच्या पहिल्या भागात वरचे अकरा सिद्धान्त आहेत. दुसऱ्या भागात जगण्याविषयीची वचने आहेत.

दारू पिणार नाही. तंबाखू ओढणार नाही, खाणार नाही. औषधाव्यतिरिक्त कोणत्याही नशेच्या पदार्थाला हात लावणार नाही. जुगार खेळणार नाही. अश्लील साहित्यापासून दूर राहीन. जादूटोणा, भूतविद्या यांच्या वाटेला जाणार नाही. शरीराला किंवा मनाला गुलाम करणारे काहीही जवळ करणार नाही. कुटुंबात, शेजारात, कामावर प्रामाणिक राहीन. माझा वेळ, पैसा, अंगचे गुण यांतून जमेल तेवढे फौजेच्या कामाला देईन. दीनदुबळ्यांच्या बाजूने उभा राहीन. लहान मुलांसाठी सातव्या वर्षापासून एक सोपी प्रतिज्ञा आहे, तिच्यावरही मूल स्वतः सही करते.

वाचकहो, दारू, व्यसन, खोटेपणा, जादूटोणा हे शब्द कुठेतरी ऐकल्यासारखे वाटतात ना? १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या दीक्षाभूमीवर परमपूज्य बाबासाहेबांनी आम्हांला बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतली सतरावी दारूविषयीच आहे. म्हणजे वचनांत फार अंतर नाही. अंतर आहे ते वचनानंतर काय होते यात.

त्या गावातल्या कॅप्टनकडे आम्ही एक दुपार बसलो. सोल्जरांची यादी त्यांच्या कपाटात असते. कोण किती आठवडे आला नाही, हे त्यांना ठाऊक असते. एखाद्याचा पाय घसरला तर आधी कॅप्टन किंवा त्यांची पत्नी त्याच्या घरी जाऊन बसतात. स्थानिक मंडळींचे एक मंडळ असते, ते यादीवर लक्ष ठेवते. समजावूनही उपयोग झाला नाही तर यादीतून नाव कमी होते. पण सभेचे दार बंद होत नाही, तो पुन्हा त्या बाकापाशी येऊ शकतो. महिलांची बैठक दर आठवड्याला वेगळी भरते. तिथे प्रार्थना होते, तशीच कोणाच्या घरात काय चालले आहे याची विचारपूसही होते. सही मागे न घेणाऱ्या त्या मावशी एकट्या नव्हत्या. त्यांच्या पाठीशी ही बैठक होती. नवऱ्याने दम दिला असता तर दुसऱ्या दिवशी कॅप्टनबाई ओट्यावर येऊन बसल्या असत्या, हे नवऱ्यालाही माहीत होते.

आमच्या त्या नऊ भगिनींच्या पाठीशी कोण होते? त्यांनीही प्रतिज्ञा घेतल्या आहेत. त्या पाळल्या की नाही, हे विचारायला वर्षभरात त्यांच्या दारी कोण गेले?

स्त्रियांचा हुद्दा आणि घराणेशाही

कॅथरीन बूथने १८५९ सालीच स्त्रियांना धर्मोपदेशाचा अधिकार आहे, असे सांगणारी पुस्तिका लिहिली होती. मुक्तिफौजेत पहिल्यापासून स्त्रिया अधिकारी झाल्या, व्यासपीठावर बोलल्या. १९३४ साली विल्यम बूथचीच मुलगी इव्हँजलीन बूथ जगभरच्या फौजेची जनरल म्हणून निवडून आली. जगातली कितीतरी चर्च आजही स्त्रीला वेदीजवळ उभे करत नाहीत. अर्थात इथेही सगळे सरळ नव्हते. लग्न झालेल्या स्त्री अधिकाऱ्याला नवऱ्याचाच हुद्दा मिळत असे, तिला स्वतःच्या नावाने हुद्दा मिळायला १९९५ साल उजाडले.

दुसरी गोष्ट आमच्या गटातटांच्या नेत्यांनी कान देऊन ऐकावी. विल्यम बूथने आपला वारस स्वतः नेमला. तो त्याचा मुलगा ब्रॅमवेल. पुढच्या जनरलचे नावही ब्रॅमवेलनेच ठरवायचे, अशी व्यवस्था होती. १९२९ साली फौजेच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांची परिषद बसली. आजारी ब्रॅमवेलला तिने पदावरून दूर केले आणि मतदानाने नवा जनरल निवडला. घराणेशाहीला विरोध करणाऱ्यांत त्याची सख्खी बहीण इव्हँजलीन पुढे होती. १९३१ साली ब्रिटिश संसदेने कायदा केला आणि वारस नेमण्याचा जनरलचा अधिकारच संपला. संस्थापकाचा मुलगा म्हणून फौज त्याच्या मालकीची होत नाही, हे त्या सोल्जरांनी ठरवले. आम्ही हे कधी ठरवणार?

तारेच्या कुंपणाची गोष्ट

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, वकीलसाहेब मुक्तिफौजेत भरती झाले की काय! म्हणून आता दुसरी बाजू. तीही तितकीच खरी आहे.

१८७१ साली इंग्रज सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला. जन्मानेच माणूस गुन्हेगार ठरवणारा हा कायदा. १९११ साली तो सुधारून देशभर लागू करण्याची वाट मोकळी केली. या कायद्याखाली आपल्या कैकाडी, पारधी, मांग गारुडी, टकारी बांधवांना रोज हजेरी द्यावी लागे. परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. सरकारने वसाहती काढल्या, तारेची कुंपणे घातली. त्यांतल्या अनेक वसाहती चालवायला सरकारने मिशनरी संस्थांना बोलावले. त्यांत सर्वांत पुढे होती मुक्तिफौज. १९०८ साली गोरखपूरला डोम समाजासाठी तिची वसाहत सुरू झाली. पुढे मद्रास इलाख्यात येरुकुला समाजासाठी स्टुअर्टपुरम वसले. हे नावसुद्धा एका इंग्रज अधिकाऱ्याचे. तो माधुकरी मागणारा, तुरुंगात गेलेला टकरच आता सरकारच्या बरोबरीने या योजनेचा मोठा पुरस्कर्ता झाला होता.

इतिहासकार मीना राधाकृष्ण यांनी या वसाहतींचा बारकाईने अभ्यास केला आहे. रेल्वे आणि सरकारी मीठधोरणामुळे येरुकुलांचा मीठ-धान्याचा फिरता व्यापार बुडाला आणि मग त्यांनाच गुन्हेगार ठरवले गेले, हे त्यांनी दाखवून दिले. स्टुअर्टपुरमचे लोक जवळच्या चिराला इथल्या तंबाखूच्या कारखान्यात मजूर म्हणून पुरवले गेले, हेही त्यांनीच दाखवले. वाचकहो, हे पुन्हा वाचा. जी फौज तंबाखूला शिवणार नाही म्हणून सही घेते, तिच्याच वसाहतीतले हात तंबाखूच्या कारखान्यात राबत होते. करारातले कोणतेही वचन मोडले नव्हते. सोल्जर तंबाखू खात नव्हता. पण व्यवस्थेने त्याला तंबाखूवाल्याच्या दावणीला बांधले होते, आणि त्याविषयी करारात एक ओळही नव्हती.

परिस्थिती बदलता येते, हे या फौजेला ठाऊक नव्हते असेही नाही. लंडनमध्ये आगपेट्यांच्या कारखान्यांत पिवळा फॉस्फरस वापरत. त्याने कामगार बायकांच्या जबड्याची हाडे सडत. १८९१ साली विल्यम बूथने स्वतःचा कारखाना काढला, सुरक्षित तांबडा फॉस्फरस वापरला, मजुरी जास्त दिली आणि मालकांना उघडे पाडले. तिथे ‘बाई, तुझ्या पापामुळे तुझा जबडा सडला’ असे तो म्हणाला नाही. मालकाचे पाप त्याने ओळखले. मग हिंदुस्थानात येरुकुलाच्या बाबतीत सरकारचे आणि जातिव्यवस्थेचे पाप का दिसले नाही? कारण इथे मालक म्हणजे सरकार होते, आणि फौज सरकारच्या मदतीवर चालली होती. स्वातंत्र्यानंतर ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला. हा दिवस विमुक्त बांधव मुक्तिदिन म्हणून पाळतात. या मुक्तीत मुक्तिफौजेचा वाटा नव्हता.

बाबासाहेबांचे निदान

बाबासाहेबांनी ख्रिस्ती धर्माचा अभ्यास वरवर केला नव्हता. बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींविषयी त्यांना मोठा आदर होता. १९३८ सालच्या प्रारंभी सोलापूरला ख्रिस्ती बांधवांसमोर त्यांनी तो बोलून दाखवला, आणि त्याच वेळी खडे बोलही सुनावले. धर्मांतरितांच्या राजकीय आणि सामाजिक हक्कांसाठी मिशनरी झगडत नाहीत, दक्षिणेतल्या चर्चमध्ये जात तशीच आहे, हे त्यांनी तोंडावर सांगितले.

धर्मांतरिताच्या स्थितीवर लिहिताना ते आणखी खोल गेले. माणसाचे पतन त्याच्या पापामुळे झाले, असे मिशनरी शिकवतो. मग अस्पृश्याला वाटते, आपली दुर्दशा आपल्याच पापामुळे झाली. आपल्याभोवतीच्या अन्यायी समाजरचनेमुळे ती झाली, हे त्याच्या ध्यानातच येत नाही. त्यामुळे ती रचना मोडायची ऊर्मी त्याच्यात उरत नाही. स्टुअर्टपुरमच्या कुंपणाचे कारण बाबासाहेबांच्या या एका निदानात सापडते.

आमच्या त्या गावातही हेच दिसले. दोन वर्षांपूर्वी मुक्तिफौजेच्या एका मातंग ख्रिस्ती घरातल्या मुलाने पारावरून हॉर्न वाजवत मोटारसायकल नेली म्हणून त्याला बेदम मारले. कॅप्टनने त्याला रुग्णालयात नेले, रात्रभर उशाशी बसले, घरी धान्य पोचवले. हे सर्व त्यांनी मनापासून केले. पण पोलीस ठाण्यात चला म्हटल्यावर म्हणाले, “दादा, आम्ही प्रार्थना करू. भांडणात पडत नाही.” ठाण्यात आम्हीच गेलो. तिथे आणखी एक भिंत होती. मुलाच्या कागदपत्रांवर धर्म ख्रिस्ती. १९५० सालच्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणे ख्रिस्ती माणूस अनुसूचित जातीचा धरला जात नाही, म्हणून अॅट्रॉसिटी कायदा लागत नाही. साध्या मारहाणीच्या कलमांवर भागवावे लागले. मारताना त्या पोरांनी दिलेली शिवी मात्र जातीचीच होती, बायबलातली नव्हती.

न्यायालयांचा कलही असाच राहिला आहे. मद्रासच्या रस्त्यावर चपला शिवणाऱ्या सुसई या ख्रिस्ती चर्मकाराला सरकारी टपरी नाकारली गेली, आणि १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याची बाजू मान्य केली नाही. २०२५ साली आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने एका पाळकाच्या प्रकरणात ख्रिस्ती झालेल्याला अॅट्रॉसिटी कायद्याचे संरक्षण नाही, असा निकाल दिला. धर्म बदलला की गावाची नजर बदलते, असे गृहीत धरणे म्हणजे गाव न पाहिल्याचे लक्षण आहे. हे आम्ही अनुभवाने सांगतो. १९५६ साली प्रतिज्ञा घेतल्यावर १९९० पर्यंत, म्हणजे चौतीस वर्षे, केंद्राच्या दृष्टीने आम्हीही अनुसूचित जातीचे नव्हतो. आमच्या आईबापांनी ही किंमत मोजली, पण प्रतिज्ञा सोडली नाही. म्हणून दलित ख्रिस्ती बांधवांच्या या मागणीकडे ‘आमचा वाटा कमी होईल’ एवढ्याच नजरेने पाहणे आम्हांला शोभत नाही.

आणि जात तरी कुठे सुटली? महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती एकाच बाकावर गुडघे टेकतात, पण सोयरीक जुळवताना जुनी आळी आठवते. हसू नका. आमच्यात लग्नाच्या बैठकीत पोटजात विचारणारे बौद्ध नाहीत का?

मग घ्यायचे काय?

त्या सहीतून दोन गोष्टी आम्ही शिकलो. पहिली अशी की, प्रतिज्ञेमागे विचारपूस करणारी माणसे नसतील तर ती वर्षातून एकदा म्हणायची घोषणा होते. दर रविवारी विहारात जा, असे बाबासाहेबांनी सांगितले होते ते यासाठीच. १९२७ च्या डिसेंबरात महाडला स्त्रियांशी बोलताना, नवरा-मुलगा दारू पिऊन आला तर त्याला जेवू घालू नका, असे त्यांनी बजावले होते. दारूबंदी घरातल्या बाईच्या हातात द्यायची असेल तर त्या बाईच्या पाठीशी वस्ती उभी राहिली पाहिजे, हे त्यांना माहीत होते.

दुसरी अशी की, फक्त माणसाला सुधारणारी आणि व्यवस्थेला हात न लावणारी प्रतिज्ञा शेवटी कुंपणावर पहारा देते. आमच्या बावीस प्रतिज्ञांचे मोठेपण इथे आहे. त्या दारू सोडायला सांगतात, आणि ज्या धर्माने आम्हांला माणूस मानले नाही तो सोडायलाही सांगतात. त्यांत शील आहे तसे बंडही आहे. मुक्तिफौजेने शील जपले आणि बंड सोडले. आम्ही बंडाच्या घोषणा दिल्या आणि शील पुतळ्यापाशी ठेवून आलो.

त्या गावात गेल्या पावसाळ्यापासून विहारात दर रविवारी महिला जमतात. वंदना होते, बावीस प्रतिज्ञा होतात आणि मग प्रत्येकीच्या घरची विचारपूस होते. त्या वयस्कर मावशीही दोनदा येऊन बसल्या. वंदनेच्या वेळी त्या गप्प राहिल्या, विचारपुशीच्या वेळी मात्र बोलल्या. दारूच्या दुकानाचे निवेदन महिलांनी पुन्हा दिले. या वेळी पडताळणीला आदल्या वेळच्या नऊ जणी सर्वांत आधी रांगेत होत्या. एकीचा नवरा दारात उभा होता. अधिकाऱ्याने विचारले, “ही सही तुमचीच का?” ती नवऱ्याकडे न बघता म्हणाली, “माझीच.”

मतदानाची तारीख अजून लागायची आहे. बाटली आडवी होईल की नाही, ते तेव्हा कळेल. त्याआधी वाचकांनी आपापल्या विहारात एवढे विचारावे, की या महिन्यात आपण कोणाच्या दारी जाऊन कोणाची विचारपूस केली?

जय भीम!